ज्यानं उडवायचं त्यानंच भरायचं

१२ ऑगस्ट. सकाळपासून कोऱ्या कार्डांवर शिक्के मारते आहे. गणपती उठले की लीगचा नवा मोसम सुरू होतो, त्याआधी प्रत्येक क्लबाला त्याची कार्डं पोचायला हवीत. शिक्का नसलेलं कार्ड मी मोजत नाही, मग ते कुणाचंही असो. ही शाई बोटांवरून लवकर जात नाही. घरी भाकरी थापायला बसले की लेक म्हणते, "आई, भाकरीला स्टेशनरीच्या दुकानाचा वास येतोय." येऊ दे. खायची तर खा.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, नेमबाजीतल्या गमतीजमती लिहा, वाचकांना नवीन आहे." गमती आहेत, एखादी सांगते. पण या वर्षी शिक्के मारताना एका संघाचा गठ्ठा बांधायचा नाही, आणि मला लिहायचं आहे ते त्याच संघाबद्दल.

मी सांगलीत एका क्लबची रेंज सांभाळते आणि सातारा-सांगली मिळून आमची जी सांघिक लीग चालते तिची चिटणीस आहे. चिटणीस म्हणजे वेळापत्रक करणारी, कार्डं मोजणारी, भांडणं ऐकणारी आणि मोसम संपला की दोन्हीकडच्या शिव्या खाणारी. नेमबाजी म्हटलं की लोकांना टीव्हीवरचं पदक दिसतं. आमच्याकडे पदक वगैरे नाही. हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल, दहा मीटरवर कागदी कार्ड, आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा. एका वेळी एकच छर्रा भरता येतो. उडवला की परत नळीमागचा खटका उघडायचा, परत भरायचा. साधं काम आहे.

लीग कशी चालते, ते एकदा नीट सांगते. एका संघात चार जण. चौघांचेही गुण धरले जातात, सर्वांत वाईट कार्ड बाजूला ठेवायची सोय नाही. म्हणजे तिघांनी सोनं केलं आणि चौथ्यानं माती केली, तर ती माती चौघांच्या ताटात. प्रत्येक संघाच्या मागच्या मोसमाच्या सरासरीवरून गट पडतात. पहिल्या गटात तयार हात, खालच्या गटात शिकाऊ. मोसमाअखेर गटात जो वर तो वरच्या गटात चढतो, जो तळाला तो उतरतो. त्यामुळे कुणाला कायम हरावं लागत नाही आणि कुणाला फुकट मिरवताही येत नाही.

सगळ्यांत नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. पहिली फेरी आम्ही सांगलीत एकत्र घेतो. बाकीच्या फेऱ्या प्रत्येक संघ आपापल्या रेंजवर खेळतो. लोणंदचा संघ लोणंदला, आष्ट्याचा आष्ट्याला. दोन संघ लढतात, पण एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. संघात नसलेला एक साक्षीदार उभा राहतो, तोच हुकूम देतो, तोच कार्डांवर सही करतो, आणि कार्डं एसटीच्या पार्सलनं माझ्याकडे येतात. मी मोजते. छिद्र रेषेला नुसतं टेकलं तरी वरचा गुण मिळतो, म्हणून भिंग लावून मोजते. मोठ्या शहरांत आता पडद्यावर आपोआप गुण उमटतात. आमच्याकडे मी उमटवते.

साहजिकच लोक विचारतात, "घरी बसून फसवत नाहीत का?" फसवतात, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. विट्याचे एक गलाईवाले शेठ होते. दुकान परराज्यात, मोसमापुरते गावी यायचे. एका मोसमात अख्खा संघ मुद्दाम वाईट मारायचा, म्हणजे सरासरी पडते आणि खालच्या गटात नाव लागतं. पुढच्या मोसमात सगळ्यांना झोडपायचं आणि ढाल घेऊन जायचं. मी त्यांचा संघ थेट वरच्या गटात टाकला. तणतणत आले. मी म्हटलं, "शेठ, सोन्यातली खोट काढायचा तुमचा धंदा, आणि स्वतःच्या नेमात खोट मिसळता?" हसले, चहा पाजला, आणि त्या वर्षी वरच्या गटात तळाला राहिले. ही झाली गंमत. संपादकांचं काम झालं.

आता सुभेदारांचं.

विट्याच्या पुढे, पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात, एक गाव आहे. नाव लिहीत नाही. पूर्वी सगळी मेंढरांमागं फिरणारी घरं, आता थोडी शेती आणि घरटी एक माणूस फौजेत. तिथल्या चार निवृत्त फौजींनी सोसायटीच्या जुन्या गोदामात रेंज काढली. वरून ताणलेल्या तारा, कार्ड पुढं-मागं न्यायच्या कप्प्या, छर्रे अडवायच्या पत्र्याच्या पेट्या, सगळं आमच्या क्लबनं वापरायला दिलेलं. पिस्तुलं त्यांनी पेन्शनीतून घेतली. संघाचे म्होरके सुभेदार आनंदराव. उंच, कमी बोलणारे, सत्तरीकडे झुकलेले. त्यांच्या शेजारच्या जागेवर कायम हवालदार ज्ञानू. दोघे एकाच पलटणीतले, आणि ज्ञानूचं तोंड एका मिनिटासाठीही बंद नसायचं.

दोन वर्षांपूर्वी सुभेदारांचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात. हा आजार विचित्र असतो. हात मांडीवर ठेवला की थरथरतो, आणि कामाला उचलला की बराच शांत होतो. सुभेदारांनी पिस्तूल वर धरलं की हात पूर्वीसारखा. खाली आणलं की पानासारखा. त्यामुळे त्यांचे गुण फारसे घसरले नव्हते. उलट संघात अजून तेच पुढे होते. हे लिहायला हवं, कारण नंतर गावात लोक म्हणाले की म्हाताऱ्याला दयेपोटी ठेवलं होतं. दया नव्हती. सुभेदारांशिवाय त्या संघाला वरचा गट दिसलाही नसता, आणि वरच्या गटाची हाव चौघांनाही होती.

अडचण भरण्याची. छर्रा चिमटीत धरून नळीच्या तोंडाशी बसवायचा, हे काम हात खाली ठेवून करायचं असतं. तिथे सुभेदारांचा छर्रा टेबलावर पडायचा, जमिनीवर पडायचा, वेळ जायचा.

गेल्या मोसमाच्या पहिल्या फेरीला सगळे संघ सांगलीत होते. मी लाइनीच्या मागून फिरत होते. बघते तर ज्ञानू स्वतःचं पिस्तूल भरतोय, मग हात लांब करून सुभेदारांचंही भरतोय. इतक्या सराईतपणे, की जणू पान लावून देतोय.

मी फेरी थांबवली. दोघांना बाहेर घेतलं.

"हवालदार, हे काय चाललंय?"

"कुटं काय, मॅडम? सुभेदारसायबांस्नी छर्रा देतोय. चा दिला तर निम्मा बशीत जातोय, म्हनून छर्रा मी घालतो."

"ज्यानं उडवायचं त्यानंच भरायचं. तुम्हाला माहीत आहे."

"आवं, पलटनीत येकमेकाची रायफल साफ केलीया आमी. ह्ये काय नवं हाय व्हय?"

सुभेदार उजवा हात डाव्या हातात धरून भिंतीकडे बघत होते.

हा नियम हौसेचा नाही. रेंजवर प्रत्येकाला एकच गोष्ट कायम डोक्यात ठेवावी लागते, आपलं हत्यार भरलेलं आहे की रिकामं. स्वतः भरलं तर हाताला आठवतं. दुसऱ्यानं भरलं तर हाताला काही ठाऊकच नसतं.

मी त्यांना रस्ता सांगितला. दिव्यांग नेमबाजांना मदतनीस घेता येतो. डॉक्टरचा दाखला आणायचा, मदतनीसाचं नाव नोंदवायचं. तो मागे उभा राहतो, स्वतः नेमबाजी करत नाही, भरला की मोठ्यानं "भरलं" म्हणतो. सगळं उघड. मी म्हटलं, "सुभेदार, दाखला आणा, पुढच्या फेरीपासून मी स्वतः नोंद करते."

तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "मॅडम, मला अपंगात घालू नका."

"त्यात कमीपणा काय आहे?"

"कमीपणा न्हाई. पन घरात सून ताट वाढताना चमचा ठेवती. पोरगा दाढी करून देतो. हितं लाइनीवर तेवढा मी सुभेदार हाय. हितं नको."

 मी परत नियमच सांगितला. एक तर दाखला, नाही तर स्वतः भरायचं. स्वतः भरतो म्हणाले. त्या दिवशी उरलेले छर्रे त्यांनी चिमट्यानं, एकेक करत, स्वतः भरले. वेळ संपली तेव्हा त्यांचे बरेच छर्रे उडवायचे राहिले होते. न उडवलेल्याला शून्य. संघ हरला. ज्ञानू जाताना मला म्हणाला, "बरं झालं मॅडम, आमची पलटन तुमच्या हाताखाली नव्हती. समदी लढाई कागदावरच हारलो असतो."

पुढच्या फेऱ्या त्यांच्या गावी. कार्डं येत राहिली, चांगली कार्डं. सुभेदारांचे सगळे छर्रे उडवलेले असायचे. मी फोन केला, विचारलं. साक्षीदार गावातलेच एक गुरुजी होते, ते म्हणाले, "भरतात मॅडम, स्वतःच भरतात, सवय झालीय." आजही लोक मला विचारतात, तुम्ही बघायला का नाही गेलात? प्रत्येक गावी प्रत्येक फेरीला चिटणीस जायला लागली तर ती लीग राहत नाही, तुरुंग होतो. साक्षीदाराची सही मानायची, यावरच हे सगळं उभं आहे. मी ती मानली. याबद्दल मला झोप लागत नाही असं नाही, लागते. पण आता एसटीचं पार्सल आलं की सोडायच्या आधी थोडा वेळ तशीच बसते.

मार्चमध्ये शेवटची फेरी. लढत लोणंदच्या संघाशी. जिंकले तर पहिला गट. पुढचं मी पाहिलेलं नाही. चौघांकडून आणि गुरुजींकडून वेगवेगळं ऐकून, चारदा ताडून लिहिते आहे.

गोदामात उन्हाची काहिली होती. अर्ध्याहून जास्त फेरी झाली होती, आणि गुण चांगले पडत होते. ज्ञानू नेहमीप्रमाणे दोन्ही पिस्तुलं भरत होता. त्यांची रीत ठरून गेली होती. सुभेदार उडवायचे, पिस्तूल टेबलावर ठेवायचे, हात पाठीमागे घेऊन समोर बघत राहायचे. ज्ञानू भरायचा, टेबलावर दोन बोटं टकटक करायचा. टकटक ऐकली की सुभेदार पिस्तूल उचलायचे. गुरुजी सगळं बघत होते. त्यांनाही गाव वर चढायला हवं होतं.

सुभेदारांनी उडवलं, पिस्तूल ठेवलं. ज्ञानूनं भरलं. टकटक करणार तेवढ्यात सुभेदारांचं कार्ड मागे येताना तारेवर अडकलं. गुरुजी ओरडले, "स्टॉप!" सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली. इथे पुढचा नियम असा, की प्रत्येकानं खटका उघडून नळीत रंगीत दोरी घालायची. दोरी आरपार गेली म्हणजे पिस्तूल रिकामं. सगळ्या दोऱ्या दिसल्याशिवाय कुणी लाइनीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. पण अडकलेली तार सोडवायचं काम कायम ज्ञानूचं. तो बोलत बोलतच पुढे गेला. "ह्ये कार्ड बी सुभेदारासारखंच हाय गड्या, जागा सोडत न्हाई," असं म्हणाल्याचं तिघांनाही आठवतं.

सुभेदारांना दोरी घालायची होती. टकटक झाली नव्हती, म्हणजे त्यांच्या हिशेबी पिस्तूल रिकामं. त्यांनी ते उचललं, पण वर नाही, पोटाजवळ, खटका उघडायला. हात खाली होता, आणि खाली असला की तो थरथरायचाच. या पिस्तुलाचा चाप अर्ध्या किलोच्या दाबानं सुटतो. ज्ञानू कार्ड सोडवून मागे वळला होता.

उजवा डोळा.

मिरजेच्या दवाखान्यात मी संध्याकाळी पोचले. डॉक्टरांनी डोळा वाचणार नाही असं आधीच सांगितलं होतं. ज्ञानू पट्टीखाली पडून होता, आणि तोंड सुरूच होतं.

"या मॅडम. नेमका नेमाचाच गेला बगा. डावा जनमभर मिटून बसून खात हुता, आता त्येला कामाला लावतो."

मला हसू आलं नाही. त्यालाही नसावं. बायकोकडे बघून तिला पाणी आणायला पाठवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, माजं पिस्तूल माज्याच हातात उडालं असं लिवा."

"तसं झालेलं नाही."

"कोन बगायला आलंय? आमी चौगं आनि गुरुजी. समदी त्येच सांगत्याली. माजा डोळा गेला त्यो गेला. सुभेदाराला लाइनीवरनं काडलं तर त्यो मानूस घरात काय करंल, सांगा की. खुर्चीत बसून हात बगंल."

बायको दारातच उभी होती, पाणी आणायला गेलीच नव्हती. आत आली आणि म्हणाली, "बाई, खरं असंल त्येच लिवा. ह्येंचं ऐकू नका. ह्यो बाबा दुसरा डोळा बी त्येंच्या हातात दील."

"तू गप गं," ज्ञानू म्हणाला.

"गपच हुते. दोन वरीस गपच हुते की."

मी खरं तेच लिहिलं. गावच्या संघाचा पूर्ण मोसम रद्द, रेंज बंद, साक्षीदारावर बंदी, आणि सुभेदारांना यापुढे आमच्या कुठल्याही लाइनीवर उभं राहता येणार नाही. कार्यकारिणीत एक जण म्हणाले, "वय बघून जरा सौम्य करू या." मी म्हटलं, छर्र्यानं वय बघितलं नाही. ठराव झाला. सुभेदारांना तो मीच सांगायचा, हेही ठरलं. असली कामं ठरतात तेव्हा सगळे माझ्याकडेच बघतात.

पण मी जायच्या आधी तेच आले. संध्याकाळच्या एसटीनं, एकटे, पिस्तुलाची पेटी घेऊन. आमच्या रेंजवर मुलींचा सराव संपत आला होता. सुभेदार दाराशी उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही. मी बाहेर गेले. उद्या क्लबचं सामान काढून आणायचं, या कलमासकट ठराव सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकला, अटेन्शनमध्ये ऐकतात तसा. मग खिशातून घडी केलेला कागद काढला.

"डॉक्टरचा दाखला हाय मॅडम. आनला."



"तुमी म्हनला हुता तसा. अपंगात घाला मला. मदतनीस म्हनून ज्ञानूचं नाव लावा. त्यो मागं हुबा ऱ्हातो म्हनलाय. भरलं म्हनून वरडायला डोळा लागत न्हाई म्हनतोय."

दाखला पक्का होता. सही, शिक्का, सगळं. पहिल्या फेरीनंतर हाच कागद आणला असता, तर ज्ञानूचे दोन्ही डोळे शाबूत असते आणि सुभेदार लाइनीवर असते. हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं.

"नाही सुभेदार," मी म्हटलं. "ठराव झाला."

"कवातरी परत?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. दाखला परत घडी घालून खिशात ठेवायला लागले, तो खिशात जाईना. तिसऱ्यांदा गेला. "मग उद्या तारा काडायला कोन येनार?" त्यांनी विचारलं.

"मी येणार."

"शिडी घरची हाय. काडून ठेवतो."

त्यांची शेवटची एसटी चुकू नये म्हणून आमच्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी त्यांना स्टँडवर सोडलं. मी रेंजचे दिवे बंद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्कड, पाने आणि पोती घेऊन गाडीनं त्यांच्या गावी गेले. गोदाम उघडंच होतं, झाडून काढलेलं. शिडी पहिल्या तारेखाली उभी होती, आणि तिच्याशेजारी सुभेदार. संघातले बाकी दोघे आले नव्हते, गुरुजीही नाही. मी साडी खोचली, पक्कड कमरेला अडकवली. सुभेदारांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी शिडी धरली. शिडी थरथरायला लागली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सोडू का असं. मी वर चढले आणि पहिली तार सोडवायला घेतली.